बाहेरून लागणारी कडी

माझ्या वहिनीचं म्हणणं असं, की मी देवाच्या प्रसादातही खडा शोधते. खोटं नाही ते. गोवर निघून लहानपणीच माझे डोळे गेले. तेव्हापासून हातात येईल ते चाचपल्याशिवाय मी तोंडात घालत नाही, आणि कानावर येईल ते दोनदा पारखल्याशिवाय मनात घेत नाही. दूधवाला ‘आज दूध घट्ट हाय’ म्हणाला, की मी समजते आज पाणी जास्त आहे. स्वभावाला औषध नाही म्हणतात. माझ्या स्वभावाला ते निघालं, आणि तेही फोनवरून, फुकट. म्हणूनच मला त्याचा सगळ्यात जास्त संशय आला.

आमचं घर अल्लीपूरला. थोडं लांब, नाल्याच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथं वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, बरबटीच्या शेंगा असं जे जे बाजारात चालतं ते आम्ही लावतो. माझा मोठा भाऊ पाणी-खत बघतो, वहिनी माल घेऊन हिंगणघाटला जाते, आणि मी घरी बसून निवडते, जुड्या बांधते. मेथीत एखादी काडी गवताची असली तरी ती माझ्या बोटांना टोचते. लग्न मी केलं नाही. लोक समजतात डोळ्यांमुळे. समजू देत.

भावाची एक सवय आहे. सकाळी चहाच्या वेळी तो गावाच्या ग्रुपवर आलेले निरोप मला वाचून दाखवतो. कोण वारलं, नळ कधी येणार, कोणाची बकरी हरवली. वाचतो म्हणजे अर्धं वाचतो आणि उरलेलं ‘असं काईतरी हाय’ म्हणून सोडून देतो. एके सकाळी त्यानं एक निरोप मात्र पूर्ण वाचला. लहानपणी ज्यांच्यावर अत्याचार झाला, त्याचा त्रास ज्यांना अजून होतो, त्यांच्यासाठी फोनवर वर्ग आणि उपचार. मराठीतून, घरबसल्या, मोफत. खरं नाव सांगायची गरज नाही. खाली फोन नंबर होता. तो त्यानं वाचला, थांबला, आणि परत एकदा सावकाश वाचला. मग म्हणाला, “लोकाइले काई कामं नाई,” आणि कप खाली ठेवून वाडीत निघून गेला.

नंबर एकदा ऐकला की मी विसरत नाही. तो डोक्यात राहिला आणि खड्यासारखा टोचत राहिला.

मी फोन केला तो पडताळा घ्यायला. हल्ली फोनवर कोणी गोड बोललं की खातं रिकामं होतं, हे आमच्या गल्लीतल्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. एका बाईनं उचलला. आवाज तरुण होता, बोलणं शहरातलं. मी तिला पहिलाच प्रश्न विचारला, “तुमच्या खोलीत आणखी कोण हाय?”

“कोणी नाही, ताई.”

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, “मंग कुकर कोणी लावला?”

ती हसली नाही, हे तिच्या बाजूनं मी लिहून ठेवते. म्हणाली, “आई स्वयंपाकघरात आहे. मी घरून काम करते. मधलं दार लावलंय, आणि तुमचा आवाज फक्त माझ्या कानात येतोय. पण तुम्ही विचारलंत ते बरोबर केलंत.” ही बाई तिथली समुपदेशक होती. पुढं तिनं माझी फार बोलणी खाल्ली.

पहिली बोलणी खाल्ली ती धड्यांवरून. त्यांनी धडे पाठवले चित्रांत. माझा फोन पडद्यावर जे असेल ते वाचून सांगतो, पण चित्रापाशी तो नुसता ‘चित्र’ म्हणून गप्प बसतो. मी बाईला म्हटलं, “आंधळ्याच्या हाती आरसा देऊन राह्यल्या तुम्ही.” पुढच्या आठवड्यापासून सगळे धडे तिच्या आवाजात यायला लागले. मेथी निवडता निवडता मी ते ऐकायची. भीती शरीरात कशी मुरते, माणूस झोपेत का दचकतो, पाठीमागं कोणी उभं राहिलं की हात का थरथरतो, असं सगळं त्यात होतं. मला वाटायचं, हिला हे कोणी सांगितलं? आमच्या घरातलं कोणी हिला भेटलं की काय?

एका धड्यात तिनं जागल्याचं, म्हणजे रात्री पीक राखणाऱ्याचं उदाहरण दिलं. पीक घरी गेलं तरी जागल्या माळ्यावरच बसून आहे, त्याला कोणी खाली बोलावलंच नाही, तसा तुमचा संशय. मी फोन करून म्हटलं, “बाई, पीक घरी गेलं, पण डुकरं अजून रानातच हायेत.” ती म्हणाली, “मग त्याला खाली बोलवायला नको. आलटून पालटून झोपायला दुसरा जागल्या शोधू.”  मी फोन ठेवला.

दर बुधवारी दुपारी गट भरायचा. वहिनी तेव्हा नुकतीच हिंगणघाटला निघालेली असायची आणि भाऊ वाडीत, म्हणून मला ती वेळ सोयीची होती. गटात सात-आठ जण होते, सगळे फोनवर, आपापल्या गावातून. माझ्या पहिल्याच दिवशी बाई म्हणाली, शांत व्हा आणि आजूबाजूला दिसणाऱ्या वस्तू सांगा. मी म्हटलं, मी काय सांगू? आणि दुसरं असं, की मला तुमची तोंडं दिसत नाहीत, तर माझं तोंड तुम्ही का बघावं? एकतर्फी पाहणं मला लहानपणापासून माहीत आहे. सगळ्यांनी आपापला कॅमेरा बंद करावा, नाहीतर मी चालले.

सगळ्यांनी बंद केला. आणि गंमत अशी झाली, की त्या दिवसापासून लोक बोलायला लागले. एक बाई तर म्हणाली, आपण रडताना कशा दिसतो याचीच तिला इतके दिवस लाज वाटत होती. दिसणाऱ्या वस्तूंच्या जागी आम्ही ऐकू येणारे आवाज सांगायला लागलो. कोणी पंखा सांगायचं, कोणी शेजारची शिलाई मशीन, कोणी कबुतरं. एक जण मात्र कधीच काही सांगायचा नाही. बाईनं सुरुवातीलाच म्हटलं होतं, की एक सभासद फक्त ऐकायला येतात, आणि नुसतं ऐकणंही चालतं. मला ते चाललं नाही. जो बोलत नाही आणि उठूनही जात नाही, तो कशाला बसलाय?

माझी गोष्ट मी हळूहळू सांगत होते. वडिलांचा एक लांबचा भाऊ आमच्याकडं वाडीच्या कामाला राहिला होता. आई-वडील बाजाराला गेले, की तो मला वाडीतल्या बंड्यात, म्हणजे अवजारं आणि खतं ठेवायच्या खोलीत न्यायचा. मी सहा-सात वर्षांची होते. तिथं काय व्हायचं ते मी गटात सांगितलं आहे, इथं सांगणार नाही. पुढं माझं बोलणंच बंद झालं. आईला वाटलं नजर लागली, म्हणून तिनं मला गिरडच्या दर्ग्यावर नेलं आणि दोरा बांधला. उतरताना भावानं माझा हात धरला होता. मी तो हिसकावून घेतला आणि पायऱ्यांवर पडले. ढोपराची ती खूण अजून आहे.

हात का हिसकावला, हे मी गटात सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. बंड्याच्या दाराची कडी बाहेरून लागायची. तो माणूस तर आत असायचा. मग बाहेरून कडी लावणारं कोण? तुटक्या अंगठ्याची चप्पल घालून घरात एकच जण चालायचा, फटक फटक, आणि तो आवाज कडीच्या आधी दारापाशी यायचा. मी आंधळी होते, बहिरी नव्हते. माझा भाऊ तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता.

त्या भावाच्या हातचं मी आयुष्यभर खाल्लं. त्यानं आणलेली लुगडी नेसले. त्यानं मला कधी उणं बोलू दिलं नाही कोणाला. आणि इतकी वर्षं एकाच घरात राहून मी त्याच्याबद्दल एकच गोष्ट शोधत होते, की याला काय माहीत होतं? तो काका मेला तेव्हा सगळं गाव मातीला गेलं. हा गेला नाही. पाण्याची मोटार बिघडली म्हणाला. मोटार चालू होती, मला घरापर्यंत ऐकू येत होती. तेव्हा मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

तर एका बुधवारी गट सुरू असताना ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला. उद्या नळ येणार नाही, पाणी भरून ठेवा. खिडकीतून मला तो ऐकू आला, आणि त्याच्या किंचित मागून तेच शब्द फोनमधून आले. तोच शिपाई, तीच सर्दी झालेली नाक ओढण्याची पद्धत. माझा माईक बंद होता. मी परत तपासला, बंदच होता. म्हणजे माईक बंद करायला विसरलेला गटातला कोणीतरी आमच्याच गावात बसला होता.  आत्तापर्यंत जे जे बोलले होते ते सगळं मला गल्लीत, चक्कीवर, देवळाच्या पारावर लोकांच्या तोंडी ऐकू यायला लागलं.

आता मी ज्याला त्याला पारखायला लागले. गावात आरोग्याचं बघणारी आशाताई आली आणि म्हणाली, “काय बाई, झोप बरी लागते ना?” तिनं हे दर महिन्याला विचारलेलं असेल, पण त्या दिवशी मी ताठ झाले. म्हटलं, “काऊन? माह्या झोपीचं तुले काय पडलं?” बिचारी चहा न घेता गेली. शेजारीण वाटीभर चिवडा घेऊन आली तर मी तो चिवडा कोंबड्यांना घातला. दोन बुधवार मी गटात तोंड उघडलं नाही.

मग मला सुचलं, की गुरं चोरणाऱ्याला पकडायचं तर एखादं जनावर बांधून ठेवावं लागतं. असं काहीतरी बोलावं जे दुसऱ्या कोणालाच माहीत नाही, आणि ते गावात कुठून बाहेर निघतं ते बघावं. माझ्या खोलीचं अंगणाकडचं दार फुगलं आहे. आतली कडी बसत नाही. म्हणून वहिनी बाजाराला जाताना ते बाहेरून लावून जाते, नाहीतर माकडं आत घुसून भाजीचा उकिरडा करतात. त्यात तिचं काही चुकत नाही. पण ती कडी खणकन पडली की माझं अंग गार पडतं, आणि हे मी तिला कधी बोलले नव्हते. ते मी गटात बोलले. म्हटलं, बुधवारी मी बाहेरून कडी लावलेल्या दारापाशी बसूनच तुमच्याशी बोलते, आणि तो आवाज झाला की पुढची घटकाभर मला तुमचे शब्द कळत नाहीत.

पुढच्या बुधवारी वहिनी तयार झाली, पिशव्या उचलल्या, “येतो बाई,” म्हणाली, आणि दार ओढलं. मी दात आवळून बसले. खणकन आवाज आलाच नाही. नुसतं थप्प झालं. तिची चप्पल दूर गेली तशी मी आतल्या घरातून फिरून अंगणात आले आणि दाराला हात लावला. कडीला आणि तिच्या कोयंड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली होती. वरून बांधलेल्या दोऱ्याची टोकं नीट कापलेली होती.

चोर गल्लीत नव्हता, घरात होता. मला राग आला, खूप राग आला. त्या दिवशी मी गटात गेलेच नाही. संध्याकाळी वहिनी आली तशी तिला धरलं. “कडीले ट्यूब तुम्ही गुंडाळली?”

“मी काऊन गुंडाळीन? तुमच्या भावानं केलं. मी म्हटलंही, कडीले काय थंडी वाजून राह्यली का? त काईच बोलले नाई.” ती पिशव्या रिकाम्या करत होती. तिच्या आवाजात काही लपवलेलं नव्हतं. मी फार शोधलं.

म्हणजे तो ऐकत होता. बुधवारी दुपारी वाडीत एकटा बसून, फोन कानाला लावून, माझं सगळं ऐकत होता. कशासाठी? मला एकच उत्तर सापडलं. मी बंड्याच्या कडीपर्यंत कधी पोचते, यावर तो पहारा देत होता. मी त्याचं नाव घेते का हे बघत होता. लहानपणी दाराबाहेर उभा राहिला, आणि म्हातारपणीही दाराबाहेरच उभा आहे, आता फक्त दार फोनचं आहे. आठवडाभर त्यानं वाढलेलं मी मुकाट्यानं खाल्लं आणि ठरवलं, की आता सांगायचंच. त्याच्या कानात सांगायचं.

बुधवारी आवाज सांगून झाले आणि मी माईक उघडला. म्हटलं, “एक गोष्ट राह्यली होती माही. बंड्याची कडी बाहेरून लागे. लावणारा कोण होता ते मले माईत हाय. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता. मी रोज त्याच्यासोबत जेवतो, आणि इतक्या वर्सात त्याले इचारलं नाई, का तू काऊन लावली. आज इचारतो.”

  मग फोनमध्ये पाण्याच्या मोटारीचा आवाज आला. आमच्याच मोटारीचा. त्या गप्प बसणाऱ्या माणसानं माईक उघडला होता.

“आंदी तो मले नेत होता आत,” भाऊ म्हणाला. “हिच्या आंदी. मंग त्यानं हिले नेलं. मले म्हणे, कडी तू लाव. नाई लावशील त तू आत येजो.” मोटार चालत राहिली. “मी लावली.”

गटातली एक बाई रडत होती. मला रडू आलं नाही. इतकी वर्षं मी एकच दार ऐकत होते, आणि त्या दारामागं माझ्याआधी कोण होतं हे मी कधी ऐकलंच नव्हतं. मला त्याच्यावरचा राग हवा होता. तो हातातून निसटत चालला होता आणि मला ते आवडत नव्हतं.

समुपदेशक बाई हळू आवाजात म्हणाली, कोणी काही बोलायची घाई करू नका, फक्त आत्ता काय ऐकू येतंय तेवढं सांगा. पंखा आला, कबुतरं आली. भाऊ पहिल्यांदाच म्हणाला, “मोटार. पाणी चालू हाय.” माझी पाळी आली. मी कान दिले. म्हटलं, “दाराबाहेर कोणी नाई.”

दुसऱ्या दिवशी बाईनं आम्हां दोघांना वेगवेगळे फोन केले. मला म्हणाली, एकाच गटात दोघं आहात हे आम्हाला कळायला हवं होतं, ही आमची चूक. हवं तर दोन वेगळे गट करून देते. तुमच्यावर कसलीही सक्ती नाही, माफ करायचीही नाही. हे शेवटचं वाक्य तिनं बोललं नसतं तर मी तिला परत फोन केला नसता. मी म्हटलं, सांगते.

भाऊ त्या दिवशी वाडीत गेला नाही. कुठूनसा रंधा मागून आणला आणि अंगणाकडचं दार बिजागरीतून काढून घासत बसला. भुशाचा वास खोलीत भरला. दार परत बसवल्यावर त्यानं बाहेरची कडी उखडली आणि मला म्हणाला, “आतली लावून पाय.” मी लावली. बसली. उघडली, परत लावली. तो पलीकडं उभा होता. चप्पल आता चांगली घालतो, पण तो उभा आहे हे मला कळतं.

मी दार उघडलं आणि त्याला जे विचारायचं होतं ते विचारलं. “दादा, तो नंबर तू दोनदा काऊन वाचला होता?”

त्यानं रंधा उंबऱ्यावर आपटून भुसा झाडला. मग म्हणाला, “तू पाठ करशील, म्हणून.”

माझा विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. विश्वास बसायला मला वेळ लागतो, आणि माझं वय झालं आहे. आजही तो चहा देतो तेव्हा मी आधी कपाला बोट लावून बघते. पण बाईला काय कळवायचं ते मी तिथंच ठरवलं.

“वाडीत तुले रेंज नाई,” मी म्हटलं. “काल तुहा आवाज तुटत होता. बुधवारी इथंच बसजो, माह्या खोलीत.”

“बसतो.”

“पण दार उघडं राहू दे.”